जाहिरातीचा लिलाव आणि मराठी लेखक

नाशिक जिल्ह्यांतील लासलगांवची कांद्याची बाजारपेठ देशांतील अग्रगण्य बाजारपेठांत मोडते. तेथें शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर रांगेनें उभे राहतात, व्यापारी एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे जात बोली लावतात, आणि पाहतां पाहतां मालाचा भाव ठरतो. माल विकणारा शेतकरी त्या वेळीं समोर हजर असतो. कोणीं किती बोली लावली तें तो आपल्या कानांनीं ऐकतो. भाव न पटल्यास माल परत नेण्याची त्यास मुभा असते. गाडीभाड्याच्या धास्तीनें ती मुभा पुष्कळदां नांवापुरतीच उरते, हा भाग निराळा. ह्याच जिल्ह्यांत आणखी एक लिलाव रात्रंदिवस चाललेला असतो. त्याला बाजारतळ नाहीं, हमाल-मापाडी नाहींत, आणि विकणाऱ्याला त्यांतील एकही बोली ऐकूं येत नाहीं. एखादा वाचक आपल्या मोबाईलवर एखादें पान उघडतो. तें पान त्याच्या दृष्टीस पडण्यापूर्वींच, डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच, त्या पानावरील रिकामी चौकट कोणत्या जाहिरातीस द्यावयाची ह्याचा निकाल लागलेला असतो. ह्या लिलावांत विकलें जातें तें वाचकाचें क्षणभराचें लक्ष. तें लक्ष ज्यानें आपल्या लिखाणानें किंवा बोलण्यानें खेंचून आणलें, त्या लेखकाच्या पदरीं काय पडतें, आणि जें पडतें तें इतकें थोडें कां, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ कांहीं हौशी तरुणांच्या खिशाचा नाहीं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मराठींतील पुष्कळसें उपयुक्त ज्ञान छापील कागदावरून मोबाईलच्या पडद्यावर आलें आहे. द्राक्षावर भुरी किंवा डावणी आली असतां फवारणी केव्हां करावी, पिंपळगांवला टोमॅटोचा काय भाव निघाला, त्र्यंबकेश्वरीं दर्शनाची व्यवस्था कशी आहे, पोलीसभरतीची तयारी कशी करावी, हें सारें सांगणारीं माणसें आज गांवोगांव आहेत. त्यांतील बहुतेकांना वाचकाकडून एक पैही मिळत नाहीं. त्यांची सारी भिस्त जाहिरातीवर असते. ती फोल ठरली तर तीं माणसें एक तर हें काम सोडून देतात, किंवा तें बिघडवून चालवितात. दोन्ही प्रकारांत हानि होते ती त्यांच्या सांगण्यावर विसंबणाऱ्या शेतकऱ्याची, विद्यार्थ्याची आणि यात्रेकरूची.

जाहिरात आणि मराठी लेखन ह्यांचा संबंध कांहीं आजचा नव्हे. बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजीं निघालें आणि १८४० सालीं बंद पडलें. तेव्हांपासून मराठी नियतकालिकांच्या चालकांना एका हिशेबानें सतत सतावलें आहे. वर्गणींतून कागद, छपाई व टपालखर्च क्वचितच भरून निघतो. उरलेली तूट कोणीतरी सोसावी लागते. ही तूट भरण्याचे मार्ग मराठी माणसानें नानाविध शोधले. काशिनाथ रघुनाथ मित्र ह्यांच्या 'मनोरंजन' मासिकानें १९०९ सालीं दिवाळी अंकाची प्रथा पाडली. ती प्रथा आजवर टिकून राहिली, त्याचें श्रेय जितकें लेखकांना तितकेंच सणाच्या सुमारास पानभर जाहिरात देणाऱ्या सराफांना, बँकांना आणि कारखानदारांना आहे. शंकरराव किर्लोस्करांनीं १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' काढलें, तें कारखान्याच्या नांगरांची व इतर यंत्रांची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोंचावी म्हणून; पुढें त्याच पत्रकांतून महाराष्ट्रभर वाचलें जाणारें 'किर्लोस्कर' मासिक उभें राहिलें. आकाशवाणीनें ही वाट बरीच उशिरां धरली. १ नोव्हेंबर १९६७ रोजीं विविध भारतीच्या मुंबई, पुणें व नागपूर येथील केंद्रांवरून व्यापारी जाहिराती सुरू झाल्या.

ह्या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान होती. जाहिरातीचा दर आगाऊ ठरलेला असे, जाहिरातदार ओळखीचा असे, आणि बोलणें फिसकटलें तरी तें समोरासमोर फिसकटे. नाशिकच्या मेनरोडवरील दुकानदार 'गांवकरी'सारख्या स्थानिक पत्रांत जाहिरात देई, तेव्हां आपलें गिऱ्हाईक तें पत्र वाचतें हें त्याला ठाऊक असे; आणि संपादकालाही तो दुकानदार ठाऊक असे. दिवाळी अंकाच्या जाहिरातींत तर निव्वळ व्यापारापेक्षां स्नेहाचा आणि भाषेच्या अभिमानाचा भाग अधिक. आजच्या लिलावाच्या यंत्रांत ह्या दोहोंसही जागा नाहीं.

इंटरनेटवरील जाहिरातीनें प्रथम जुनीच रीत उचलली होती. २७ ऑक्टोबर १९९४ रोजीं 'हॉटवायर्ड' ह्या अमेरिकन वेबसाईटवर पट्टीवजा जाहिराती झळकल्या, त्या ठराविक रक्कम मोजून ठराविक मुदतीसाठीं घेतलेल्या होत्या. त्यांतील एका टेलिफोन कंपनीची जाहिरात पाहणाऱ्या शंभरांपैकीं चव्वेचाळीस जणांनीं उघडून पाहिली, असें सांगतात. आज शंभरांत एक जणही सहसा तसें करीत नाहीं. नवलाई ओसरली तशी ठराविक दराची रीतही मागें पडली. २००३ सालीं गूगलनें 'ॲडसेन्स' नांवाची योजना सुरू केली. लहानांतल्या लहान लेखकानेंही आपल्या पानावर एक चौकट मोकळी सोडावी, तींत कोणती जाहिरात यावी तें गूगलच्या यंत्रानें ठरवावें, आणि येणाऱ्या पैशांची दोघांनीं वांटणी करावी, अशी ती योजना. तिनें एक उपकार खचित केला. ज्याच्याजवळ ना छापखाना, ना भांडवल, ना बड्या पेढीशीं ओळख, अशा सिन्नरच्या किंवा कळवणच्या तरुणालाही जगाच्या जाहिरातबाजाराचें दार उघडें झालें. परंतु दार उघडलें म्हणजे दुकान चाललें, असें नव्हे.

पहिली अडचण भाषेची. ह्या योजनेंत हिंदीला प्रवेश मिळाला तो डिसेंबर २०१४ मध्यें. मराठीला त्यानंतर सुमारें चार वर्षें वाट पाहावी लागली. आतां तो अडसर दूर झाला आहे, तरी भावाचा प्रश्न सुटलेला नाहीं. २०११ च्या खानेसुमारींत मराठी ही आपली मातृभाषा म्हणून सांगणारांची संख्या आठ कोटी तीस लाख भरली. एवढ्या मोठ्या समाजाच्या लेखकाला चांगला भाव कां मिळूं नये, अशी शंका साहजिकच येते. तिचें उत्तर असें कीं, लिलावांत बोली चढते ती वाचकांच्या संख्येवरून नव्हे, तर त्या वाचकाच्या हातून किती रुपयांची खरेदी होईल, ह्या अदमासावरून. विमा, कर्ज, परदेशांतील शिक्षण, घरखरेदी ह्यांविषयींच्या इंग्रजी पानावर बोली चढते. उन्हाळ कांद्याच्या साठवणुकीवरील मराठी पानावर ती उतरते. न्यू जर्सींतील मराठी कुटुंबानें पुरणपोळीची कृति पाहिली, तर ती दाखविणाऱ्याला जें मिळतें, तें निफाडच्या घरांत तीच कृति पाहिली असतां मिळणाऱ्या रकमेच्या कितीतरी पट असतें. कृति तीच, श्रम तेच. फरक केवळ पाहणाऱ्याच्या पत्त्याचा.

ह्याचा परिणाम उघड आहे. कांदाचाळ कशी बांधावी, तींत हवा कशी खेळती ठेवावी, हें चांदवडच्या शेतकऱ्याला मराठींत समजावून देण्याचा खरा उपयोग चांदवडलाच. पण बाजार म्हणतो, चांदवडचा वाचक स्वस्त आहे. मग पुष्कळ हुशार तरुण हिंदीकडे वळतात, नाहींतर शेती सोडून मोबाईलच्या नव्या नमुन्यांचें गुणवर्णन करूं लागतात. त्यांना दोष देतां येत नाहीं, कारण त्यांनाही संसार आहे. पण ज्याला त्यांच्या ज्ञानाची सर्वांत अधिक गरज होती, तो वाचक त्यामुळें पोरका होतो.

दुसरी अडचण उंबरठ्याची. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नांत वांटा मिळण्यासाठीं २०१८ पासून एक हजार 'वर्गणीदार' आणि मागील बारा महिन्यांत चार हजार तास प्रेक्षण अशी अट आहे. अगदीं छोट्या व्हिडिओंसाठीं नव्वद दिवसांत एक कोटी वेळां पाहिले जाण्याची पर्यायी अट आहे. येथें वर्गणीदार ह्याचा अर्थ वर्गणी न देणारा, हें वेगळें सांगावयास नको. चार हजार तास म्हणजे दोन लक्ष चाळीस हजार मिनिटें. एकेक प्रेक्षक सरासरीनें चार मिनिटें थांबतो असें धरलें, तर वर्षभरांत साठ हजार वेळां व्हिडिओ पाहिले जावे लागतात. हें साधल्यानंतर उत्पन्नाला आरंभ होतो, आणि नेहमींच्या व्हिडिओवरील जाहिरातीच्या उत्पन्नांतून शेंकडा पंचावन्न कर्त्याच्या वांट्याला येतात.

वेबसाईटला अशी अट नाहीं. पण तिचाही हिशेब करून पाहण्यासारखा आहे. उदाहरणादाखल असें समजावें कीं, बाजारभावाची माहिती देणाऱ्या एका वेबसाईटचीं पानें महिन्याकांठीं तीस हजार वेळां उघडलीं जातात, आणि सर्वांचे वांटे वजा जातां दर हजारीं तीस रुपये लेखकाच्या नांवें जमा होतात. महिन्याची प्राप्ति झाली नऊशें रुपये. परंतु खात्यांत शंभर डॉलर सांचल्याशिवाय ही रक्कम बँकेंत येत नाहीं. शंभर डॉलर म्हणजे आठ हजारांहून अधिक रुपये. तेव्हां पहिला पैसा हातीं लागण्यास नऊ-दहा महिने गेले. वेबसाईटच्या नांवाचें व जागेचें वर्षाचें भाडें मात्र आगाऊ भरावें लागतें. त्यांतच आणखी एक विघ्न येतें. खात्यांत दहा डॉलर सांचले म्हणजे लेखकाचा पत्ता खरा आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं गूगलकडून टपालानें एक परवलीचा आंकडा पाठविला जातो. 'अमक्या वाड्याच्या मागें, तमक्या मारुतीजवळ' असा पत्ता पोस्टमनला पुरतो. अर्जाच्या रकान्यांत मात्र तो मावत नाहीं. मग पत्र भलतीकडे जातें, आणि तो आंकडा मिळेपर्यंत सांचलेले पैसे खात्यांतच अडकून पडतात. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यांत १९२६ पासून देशाचीं टपालतिकिटें छापलीं जात आलीं आहेत. त्याच शहरांत, विजेच्या वेगानें चालणाऱ्या ह्या धंद्याची किल्ली अखेर पोस्टमनच्या पिशवींतून यावी, ही मौजेची गोष्ट होय.

तिसरी अडचण अस्थैर्याची. जाहिरातीचा भाव बाराही महिने सारखा राहत नाहीं. दसरा-दिवाळीच्या सुमारास तो चढतो, आणि नवें इंग्रजी वर्ष लागतांच कोसळतो. कारण कंपन्यांचे जाहिरातखर्चाचे अंदाज त्या बेतानें आंखलेले असतात. वाचकांचेंही तसेंच. सिंहस्थाच्या काळांत नाशिक-त्र्यंबकेश्वराविषयीं शोध करणारांची रीघ लागते, आणि पर्वणी सरली कीं ती ओसरते. त्या एका वर्षाच्या गर्दीवर विसंबून नोकरी सोडणाऱ्याला पुढील बारा वर्षांचा विचार करावाच लागेल. शिवाय वाचकाला लेखकाच्या दारीं आणणारी वाटही लेखकाच्या मालकीची नसते. गूगलनें शोधाच्या उत्तरांचा क्रम बदलला, तर काल पहिल्या ठिकाणीं असलेलें पान आज तिसऱ्या पडद्यावर जातें. कां गेलें, हें विचारण्यास खिडकी नाहीं. २९ जून २०२० रोजीं केंद्र सरकारनें सुरक्षिततेच्या कारणास्तव टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हां त्या निर्णयाच्या गुणदोषांशीं कांहीं संबंध नसलेल्या अनेक ग्रामीण कलावंतांचा वर्षानुवर्षें जमविलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रींत नाहींसा झाला. ऑगस्ट २०२४ पासून तर भारतांतही गूगल कृत्रिम बुद्धीच्या साह्यानें तयार केलेलें उत्तर शोधाच्या माथ्यावरच दाखवूं लागलें आहे. वाचकाला उत्तर मिळतें. पण ज्यांच्या पानांच्या आधारें तें तयार झालें, त्यांच्या पानांवर तो येतच नाहीं. पान उघडलें नाहीं कीं लिलाव नाहीं, आणि लिलाव नाहीं कीं प्राप्ति नाहीं.

चौथी अडचण मध्यस्थांची. अडत म्हणजे काय, हें नाशिकच्या शेतकऱ्याला सांगावयास नको. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें फळें व भाजीपाला ह्यांवरील अडत शेतकऱ्याऐवजीं खरेदीदाराकडून घ्यावी असें ठरविलें, तेव्हां केवढा वाद माजला, तें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. जाहिरातीच्या लिलावांतही अडते आहेत, आणि ते एकामागें एक उभे आहेत. जाहिरातदाराच्या वतीनें खरेदी करणारी संस्था, बोली लावणारें यंत्र, लिलावाची पेठ, लेखकाच्या वतीनें जागा विकणारें यंत्र, अशी ती साखळी. ब्रिटनमधील जाहिरातदारांच्या संघानें २०२० सालीं एका नामांकित हिशेबतपासनीस पेढीकडून ह्या साखळीची तपासणी करविली. जाहिरातदारानें खर्च केलेल्या शंभर पौंडांपैकीं प्रकाशकांपर्यंत एक्कावन्नच पोहोंचले, असें तींत आढळून आलें. आणि त्या शंभरांतील पंधरा पौंड कोठें गेले, ह्याचा हिशेब लागला नाहीं. लासलगांवच्या हिशेबपट्टींत शंभर रुपयांचे पंधरा रुपये असे गहाळ झाले असते, तर लिलाव त्याच दिवशीं बंद पडला असता.

गूगलनें आपल्या ॲडसेन्स योजनेची वांटणी जाहीर केलेली आहे. २०२४ पासून जाहिरातदाराच्या बाजूचें शुल्क वजा जातां उरलेल्या रकमेंतील शेंकडा ऐंशीं लेखकास मिळतात. सारा व्यवहार गूगलमार्फतच झाला, तर मूळ रकमेंतील सुमारें अडुसष्ट. आक्षेप आहे तो निराळ्याच गोष्टीवर. घेणाऱ्याचा दलाल, विकणाऱ्याचा दलाल आणि लिलाव पुकारणारा, हे तिन्ही एकाच घरचे असतात. अमेरिकेंतील संघीय न्यायालयानें १७ एप्रिल २०२५ रोजीं असा निर्णय दिला कीं, प्रकाशकांची जाहिरातयंत्रणा आणि लिलावाची पेठ ह्या दोन बाजारांत गूगलनें बेकायदेशीर मक्तेदारी राखली आहे. भारतांतही वृत्तपत्रांच्या डिजिटल आवृत्त्यांच्या संघटनेनें केलेल्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगानें जानेवारी २०२२ मध्यें गूगलविरुद्ध चौकशीचा आदेश दिला. मोठ्या वृत्तपत्रांना वकील लावून अशी दाद मागतां येते. कळवणच्या एकट्या लेखकाला ती सोय नाहीं. न्यायाचा निकाल लागेपर्यंत त्याचें दुकान उघडें राहिलें, म्हणजे पुष्कळ झालें.

ह्या चारही अडचणी धनाच्या आहेत. पांचवी मनाची आहे, आणि तीच सर्वांत अधिक घातक होय. प्राप्ति थोडी पडूं लागली कीं ती वाढविण्याचे वाममार्ग दिसूं लागतात. त्यांतील पहिला अगदीं भाबडा. घरच्या मुलानें वेबसाईट काढली आहे, तिच्यावरील जाहिरात उघडली कीं त्याला पैसे मिळतात, असें कळल्यावर सिन्नरचे मामा आणि येवल्याची मावशी आपुलकीनें रोज दहा-दहा वेळां ती उघडूं लागतात. यंत्राला आपुलकी कळत नाहीं; त्याला ती लबाडी दिसते, आणि मुलाचें खातें जमा रकमेसह गोठविलें जातें. दुसरा मार्ग मात्र भाबडा नाहीं. तो मथळ्याचा मार्ग. कांद्याचा भाव क्विंटलमागें दोनशें रुपयांनीं चढला, हें खरें वृत्त. पण तशा मथळ्यावर बोटें थबकत नाहींत. मग 'कांदा पांच हजारांच्या पार जाणार', 'केंद्राचा मोठा निर्णय', 'शेतकऱ्यांनो, माल विकूं नका', असे मथळे निघूं लागतात. पान उघडलें जातें, चौकटींत जाहिरात झळकते, लेखकाच्या खात्यांत कांहीं पैसे पडतात. वृत्त खरें असो वा खोटें, लिलावाच्या यंत्राच्या लेखीं दोहोंची किंमत एक. किंबहुना खोट्याचीच पुष्कळदां अधिक.

परंतु त्या मथळ्यावर विश्वासून जो शेतकरी चाळींतला माल आणखी महिनाभर ठेवून देतो, त्याला ती किंमत एक पडत नाहीं. कांदा हा सडणारा माल आहे. पावसाळी हवेनें त्याला कोंब फुटतात, वजन घटतें, आणि भाव उतरला म्हणजे उरलेलाही मातीमोल होतो. लेखकाच्या खात्यांत पडलेल्या चार-दोन रुपयांपायीं कोणाच्या तरी वर्षभराच्या कष्टांवर पाणी पडतें. जाहिरातीच्या उत्पन्नाची खरी परीक्षा येथें होते. तें थोडें आहे ही तक्रार रास्तच; पण तें थोडें असल्यामुळें लेखकाला खोटें बोलावयास लावतें, ही त्याहून मोठी तक्रार आहे.

ह्यावर उपाय काय, ह्याचाही थोडा विचार केला पाहिजे. पहिला उपाय जुनाच आहे; तो म्हणजे ओळखीच्या जाहिरातदाराकडे परत जाणें. नाशिक जिल्ह्यांत रोपवाटिका आहेत, ठिबक सिंचनाचे विक्रेते आहेत, शिकवण्या आहेत, मंगल कार्यालयें आहेत. त्यांतील पुष्कळजण आजही इंटरनेटवर जाहिरात करतात. दिंडोरीचा रोपवाटिकावाला आपल्याच तालुक्यांतील बागायतदाराला गांठण्यासाठीं रुपया टाकतो. तो रुपया सातासमुद्रांची प्रदक्षिणा करून, वाटेंत झिजून, अखेर दिंडोरीच्याच लेखकाच्या खात्यांत दहा-बारा आण्यांच्या रूपानें येऊन पडतो. ते दोघे समोरासमोर बसले, महिन्याचा दर ठरला, आणि पानावर ती जाहिरात ठळकपणें 'जाहिरात' म्हणून छापली गेली, तर दोघांचाही लाभ होईल. मात्र हा मार्गही निर्धोक नाहीं. दुकानदाराला उधारीची संवय असते, आणि पैसे मोजल्यावर त्याला स्तुतीचीही अपेक्षा असते. औषधविक्रेत्याची जाहिरात घेणाऱ्या सल्लागारानें 'ह्या रोगावर ह्या फवारणीची गरज नाहीं' असें सांगण्याचें धैर्य दाखविलें पाहिजे. नाहींतर परक्या यंत्राची ताबेदारी सुटून शेजाऱ्याची लागते, इतकेंच. पैसे घेऊन केलेली शिफारस ही तशी असल्याचें उघड सांगावें, असें बंधन केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनींही घातलें आहे. तें बंधन कायद्याच्या भीतीनें पाळण्यापेक्षां पतीच्या काळजीनें पाळावें, हें अधिक श्रेयस्कर.

दुसरा उपाय वाचकाकडून मोबदला घेण्याचा. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. त्यांना जाहिरात हा खर्चाचा बाब होता. उत्पन्न यावयाचें तें तिकिटाच्या खिडकीवर. पाहणाऱ्यानें आपल्या खिशांतून आणे काढले, म्हणून तो धंदा उभा राहिला. आज मोबाईलवरून वीस रुपये पाठविणें हें यूपीआयमुळें तिकीट काढण्याइतकेंच सोपें झालें आहे. मघांच्याच हिशेबाशीं ताडून पाहावें. पांचशें शेतकऱ्यांनीं महिन्याला वीस-वीस रुपये दिले, तर दहा हजार रुपये होतात. तेवढीच रक्कम हजारीं तीस रुपयांच्या दरानें जाहिरातींतून मिळवावयाची, तर पान महिन्याला तीन लक्ष तेहतीस हजार वेळां उघडलें गेलें पाहिजे. पांचशें माणसांचा विश्वास संपादन करणें हें कष्टाचें काम खरें. पण सव्वातीन लाखांवर बोटें मथळ्यावर खिळविण्यापेक्षां तें अधिक सरळ, अधिक टिकाऊ आणि लेखकाच्या अब्रूला अधिक शोभणारें आहे.

ह्यावर असा आक्षेप येईल कीं, फुकट वाचण्याची संवय लागलेला मराठी वाचक पैसे देणार नाहीं. आक्षेप अगदींच निराधार नाहीं. तथापि हाच वाचक मुलांच्या शिकवणीला पैसे देतो, मोबाईलच्या रिचार्जला देतो, द्राक्षबागेच्या सल्लागाराला दर भेटीची बिदागीही देतो. ज्या माहितीनें एक अनावश्यक फवारणी वांचली, किंवा माल एक दिवस थांबवून विकल्यानें ट्रॉलीमागें हजार रुपये अधिक आले, तिची किंमत त्याला कळत नाहीं असें मानणें हा त्याच्यावर अन्याय आहे. मात्र अशी माहिती नेमकी, वेळेवर आणि स्वतः पडताळून दिलेली असली पाहिजे. दहा ठिकाणचा मजकूर उचलून अकरावें पान सजविणाऱ्याला कोणी वर्गणी देणार नाहीं, आणि देऊंही नये.

तात्पर्य, जाहिरातीच्या लिलावांतून होणारी प्राप्ति नाकारण्याचें कारण नाहीं. शेताच्या बांधावरील झाडाचीं फळेंही शेतकरी घरीं नेतोच. पण बांधावरील झाडाच्या भरंवशावर कोणी शेत पडीक ठेवीत नाहीं. लिलावाचा भाव लेखकाच्या हातीं नाहीं, वाट त्याच्या मालकीची नाहीं, आणि हिशेबाची वहीही त्याच्या घरीं नाहीं. त्याच्या हातीं आहे तें एवढेंच कीं, आपण कोणासाठीं लिहितों हें त्यानें विसरूं नये. ज्या वाचकाला दूरचा बाजार स्वस्त मानतो, त्याची खरी किंमत त्याच्या शेजारीं राहणाऱ्या लेखकालाच ठाऊक असते. आणि वाचकानेंही आपल्या बाजूनें एक विचार करावा. जें फुकट वाचावयास मिळतें, त्याचेही पैसे कोणीतरी मोजलेलेच असतात. आणि ज्यानें ते मोजले त्याच्या सोयीचें तेवढेंच आपल्यापुढें येत राहिलें, तर त्यांत नवल नाहीं. खरा भाव, खरा सल्ला आणि खरी बातमी आपल्या भाषेंत रोज मिळावी असें ज्याला वाटतें, त्यानें ती देणाऱ्याच्या चरितार्थाचा कांहीं भार उचलला पाहिजे. 'दर्पण'च्या काळीं जें खरें होतें, तें मोबाईलच्या काळींही खोटें झालेलें नाहीं.